मदत हवी आहे : बाबांच्या प्रोस्टेटसाठी वाफ की लेझर?

नमस्कार,

बाबा ७२ वर्षांचे. लघवीची धार बारीक, सुरू व्हायला वेळ, रात्री सारखं उठणं. टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड या प्रोस्टेटच्या गोळ्यांवर बरं चाललं होतं. मग सर्दीची एक साधी गोळी घेतली आणि लघवी पूर्ण तुंबली, नळी घालावी लागली. (नाक मोकळं करणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी असं होऊ शकतं. घरात प्रोस्टेटचा त्रास असलेलं कोणी असेल तर सर्दीचं औषध विचारूनच द्या.)

आता नळी निघाली आहे, पण रिपोर्ट असे: प्रोस्टेट ६८ ग्रॅम, मधला लोब (भाग) मूत्राशयात वर आलेला, लघवी झाल्यावरही १७० मिली शिल्लक, धारेचा कमाल वेग सेकंदाला ७ मिली. पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शंकेसाठी करतात ती रक्ततपासणी) २.१, ड्युटास्टेराइडमुळे तो निम्मा दिसतो म्हणून ४.२ धरून एमआरआय केला, त्यात संशयास्पद काही नाही. हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन चालू.

एक डॉक्टर म्हणतात होलेप, म्हणजे लेझरने आतली गाठ सोडवून बाहेर काढायची. दुसरे म्हणतात रेझूम, म्हणजे दुर्बिणीतून सुईने वाफ सोडायची. 'कापाकापी नाही, त्याच दिवशी घरी' एवढं ऐकल्यावर बाबांनी पुढचं काही ऐकलंच नाही. माझं मन मात्र घट्ट होत नाही. वाफेने लगेच काही निघत नाही ना? पेशी मरणार, हळूहळू विरघळणार, तोवर सूज. ज्यांची एकदा तुंबली आहे त्यांना हे झेपतं का? आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं काय?

आणखी एक. होलेपनंतर बहुतेकदा वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं, वाफेत तो धोका बराच कमी. डॉक्टरांनी हे आईसमोर विचारलं तेव्हा दोघंही भिंतीवरचा मूत्रपिंडाचा तक्ता वाचत बसले. निर्णय त्यांचा आहे हे मान्य, पण उत्तर काढायचं कसं?

जाणकारांनी आणि यातून गेलेल्यांनी कृपया लिहा.

सांजवारा : माझी ४५ ग्रॅमची होती, वाफच घेतली. प्रक्रिया खरंच छोटी. नंतरचं कोणी नीट सांगत नाही. आठवडाभर नळी, ती काढल्यावर जळजळ आणि घाई आधीपेक्षा जास्त. फरक महिन्याभराने जाणवला, पूर्ण फायदा तीनेक महिन्यांनी. आज खूश आहे. पण 'त्याच दिवशी घरी' म्हणजे त्याच दिवशी बरे, असं बाबांनी धरू नये.

निळी_शाई : युरॉलॉजीत काम करते. पेशंट न बघता 'हे करा' म्हणणार नाही, पण तीन गोष्टी विचारा.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: मूत्राशयाच्या स्नायूत जोर किती उरलाय? १७० मिली शिल्लक राहते ती वाट अडल्यामुळे की स्नायू थकल्यामुळे, हे साध्या फ्लो टेस्टमध्ये कळत नाही. शंका असेल तर युरोडायनॅमिक तपासणी करतात, म्हणजे बारीक नळीतून मूत्राशयातला दाब मोजतात. स्नायूच थकला असेल तर कुठल्याही ऑपरेशनचा फायदा कमी.

दुसरी, आकार. वाफेचे मुख्य अभ्यास ३० ते ८० मिलीच्या (मिली म्हणजे इथे साधारण ग्रॅमच) ग्रंथींवर झालेत. तुमची बसते, पण वरच्या टोकाला. मधल्या लोबमध्येही वाफ देता येते. होलेपला आकाराची मर्यादा जवळजवळ नाही, अडथळा तिथल्या तिथे जातो आणि काढलेला भाग तपासायला मिळतो. नंतर काही आठवडे, क्वचित काही महिने, लघवी गळू शकते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आधीपासून सुरू करा.

तिसरी, स्टेंट कधी बसवलाय? नवा असेल तर क्लोपिडोग्रेल मनाने एक दिवसही बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांचं मत लेखी घ्या आणि ते युरॉलॉजिस्टला दाखवा.

धागाकर्ता : खूप आभार. स्टेंटला आठ महिने झालेत. युरोडायनॅमिकबद्दल दोघांपैकी कोणीच बोललं नव्हतं, आता विचारतो. खूप दुखतं का? बाबा नळीचं नाव काढलं तरी चिडतात.

निळी_शाई : बारीक नळी असते, भुलीची जेल लावतात. दुखण्यापेक्षा अवघडल्यासारखं जास्त. आणि तो नाजूक प्रश्न आई बाहेर असताना डॉक्टरांनाच विचारू द्या, तुम्हीही बाहेर थांबा.

पायवाट : थोडं अवांतर, पण मोतीबिंदू बाकी असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना टॅमसुलोसिनबद्दल जरूर सांगा. त्याने बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिला पडतो, ऑपरेशन अवघड होतं. गोळी बंद केली असली तरी सांगा.

धागाकर्ता : बाप रे, डाव्या डोळ्याचं बाकीच आहे! आजच कळवतो. युरोडायनॅमिकचा रिपोर्ट आला की इथेच टाकतो.