निवृत्तीनंतर परदेशी मुक्काम, दवाखान्याचा खर्च आणि टॉप-अप विमा : तुमचे अनुभव सांगा

मोरपंखी

परवा मैत्रिणीचा फोन आला. तिच्या सासू-सासऱ्यांचं ग्रीन कार्ड झालंय, दोघं कायमची न्यू जर्सीला येणार. तिचा पहिलाच प्रश्न, "विम्याचं काय करू गं?" आणि मला बाबांचं इथलं पहिलं वर्ष जसंच्या तसं आठवलं.

बाबा निवृत्त होऊन आईबरोबर आमच्याकडे आले तेव्हा पासष्टी ओलांडलेली. बीपी आणि शुगर दोन्ही, पण गोळ्यांवर आटोक्यात. ६५ ला मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, मिळतं एवढंच सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यातला पार्ट ए (हॉस्पिटलचा) फुकट मिळतो तो इथे १० वर्षं, म्हणजे ४० क्वार्टर, काम करून कर भरलेल्यांना. मुलांकडे आलेल्या आईवडिलांनी ग्रीन कार्डावर सलग ५ वर्षं इथे काढली की मग ते विकत घेता येतं, तेही पूर्ण हप्ता भरून. २०२५ चे आकडे : पार्ट ए ५१८ डॉलर, पार्ट बी (डॉक्टरांचा) १८५ डॉलर. दर महिन्याला, माणशी. दोघांचे मिळून चौदाशेच्या वर.

मधल्या काळासाठी बाबांचा व्हिजिटर विमा काढलेला होता. एका रात्री छातीत दुखायला लागलं, ९११, स्टेंट. देवाच्या दयेने बाबा सुखरूप घरी आले. मग पाकिटं यायला लागली. अ‍ॅम्ब्युलन्सचं वेगळं, इमर्जन्सीतल्या डॉक्टरांचं वेगळं, हृदयतज्ज्ञांचं वेगळं, लॅबचं वेगळं. आई प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने तारीख टाकून फायलीत लावायची आणि मला म्हणायची, "अगं, आपण परत गेलो असतो तर बरं झालं असतं का?" तिचं ते वाक्य मला बिलांपेक्षा जास्त लागलं.

विमा कंपनीने बीपी जुना आजार म्हणून "अ‍ॅक्यूट ऑनसेट" कलमावर बोट ठेवलं. म्हणजे त्रास अचानक उद्भवला असेल, २४ तासांत उपचार सुरू झाले असतील, तरच, आणि तेही एका मर्यादेपर्यंत. बाकीचं आमच्यावर. शेवटी हॉस्पिटलच्याच आर्थिक साहाय्य विभागाने बराच भार कमी केला. इथल्या ना-नफा हॉस्पिटलांना तशी योजना ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, पण आपणहून फारसं कोणी सांगत नाही. विचारावं लागतं, अर्ज भरावा लागतो.

तुमच्या आईवडिलांचं किंवा तुमचं स्वतःचं काय झालं, लिहा. अमेरिकाच असं नाही, कुठलाही देश चालेल.

सांजवात

मोरपंखी, वाचताना घशात आवंढा आला. आमच्याकडे सासूबाई होत्या, बाकी सगळं हेच. आत्ता कुकर लावलाय, रात्री सविस्तर लिहिते.

हिशेबनीस

मैत्रिणीला आजच कळवा. ग्रीन कार्डावर आलेल्या आणि अजून मेडिकेअर न मिळणाऱ्या ज्येष्ठांना मार्केटप्लेसमधून, म्हणजे ओबामाकेअरच्या सरकारी विमा-बाजारातून, नियमित विमा घेता येतो. ६५ च्या पुढच्यांना तो मिळतच नाही असं पुष्कळजण ठामपणे सांगतात, ते खरं नाही. नव्याने कायदेशीर रहिवासी झालं की ६० दिवसांची खास मुदत असते. ती हुकली तर वर्षअखेरच्या खुल्या नोंदणीपर्यंत थांबा.

यात जुन्या आजारावरून नकार नाही, हप्ता वाढवणं नाही. वयावरून वाढतो, पण तरुण प्रौढाच्या ३ पटींपर्यंतच. महाग वाटेल, पण मी माझ्या आईवडिलांसाठी हाच घेतला आणि आईचं गुडघ्याचं ऑपरेशन यातच झालं. व्हिजिटर विमा पाहुण्यांसाठी असतो, कायम राहायला आलेल्यांनी त्यावर पाच वर्षं काढू नयेत, अगदी हात जोडून सांगतो.

चिंचेचंपान

६० दिवस मोजायचे कधीपासून? कार्ड हातात पडल्यापासून की विमानतळावर उतरल्यापासून?

हिशेबनीस

@चिंचेचंपान, तुमचे लोक इमिग्रंट व्हिसावर येतायत ना? मग उतरून शिक्का बसला की ते कायम रहिवासी झालेच, कार्ड नंतर टपालाने येतं. कार्डाची वाट पाहत बसू नका.

टोरांटोची_आजी

मी स्वतः आजी आहे, मुलीच्या फोनवरून लिहितेय, चुका पोटात घाला.

आम्ही आधी सुपर व्हिसावर, म्हणजे मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांच्या कॅनडाच्या लांब मुदतीच्या व्हिसावर, आलो. त्यासाठी निदान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा वैद्यकीय विमा दाखवावाच लागतो. मुलीने काढला. इकडे निघण्याच्या तोंडावर आमच्या डॉक्टरांनी ह्यांची बीपीची गोळी कमी केली, अर्धी केली. आम्हाला आनंदच, तब्येत सुधारली म्हणून! जावईबापूंनी पॉलिसी वाचली तर त्यात "स्टेबल" असं कलम. आजार इतके इतके दिवस स्थिर हवा, आणि औषधाचा डोस बदलला की तो अस्थिर धरतात. वाढवला तरी आणि कमी केला तरी! कुठे ९० दिवस, कुठे १८०, पॉलिसी पॉलिसीचं वेगळं.

डोस डॉक्टर म्हणतील तोच घ्यायचा, त्यात तडजोड नाही. आम्ही प्रवास पुढे ढकलला, विम्याची तारीखही पुढे गेली, आणि ते दिवस भरल्यावरच विमानात बसलो. ह्यांना नंतर थंडीत न्यूमोनिया झाला, हॉस्पिटलात राहावं लागलं, पण विम्याने सगळं दिलं.

आता पीआर, म्हणजे कायम रहिवासी, झालोय. ऑन्टारियोत ओहिपची (प्रांताच्या सरकारी विम्याची) तीन महिन्यांची जुनी वाट २०२० पासून बंद झालीय, त्यामुळे लगेच कार्ड. औषधांना ६५ नंतर वर्षाचे पहिले १०० डॉलर आपले, पुढे दर औषधामागे जास्तीत जास्त ६.११. उत्पन्न कमी असेल तर त्याहून स्वस्त. थंडी सोडली तर इथे काही कमी नाही हो.

सांजवात

आजी, किती छान लिहिलंत! अजून लिहा. आणि काकांना जपा.

रानवारा

आजी, लोकरीचे मोजे दोन जोड एकावर एक घालू नका, बुटात पाय आवळून उलट जास्त गार पडतात. एकच जाड जोड. माझ्या आईला हे कळेपर्यंत एक हिवाळा गेला.

टोरांटोची_आजी

हो का! ह्यांना आत्ताच सांगते.

निळीशाई

आम्ही फ्रान्समध्ये निवृत्त झालो, दोघंही. इथे टॉप-अप हाच रोजच्या व्यवहारातला शब्द आहे, त्याला म्युत्युएल म्हणतात. साधं उदाहरण देते. डॉक्टरची फी ३० युरो. सरकारी विमा त्याच्या ७० टक्के, म्हणजे २१ धरतो, त्यातून २ कापतो, हातात १९. उरलेले ९ म्युत्युएल देते. ते २ युरो मात्र आपलेच.

डॉक्टरकडे हे किरकोळ वाटतं, पण चष्मा, दात, श्रवणयंत्र आणि हॉस्पिटलातला खोलीचा रोजचा आकार आला की म्युत्युएलची किंमत कळते. वयाबरोबर हप्ता चढतो, पण बहुतेक ठिकाणी तब्येतीची प्रश्नावली नसते. कॅन्सर, मधुमेह असे दीर्घ आजार सरकारी यादीत असतील तर त्या आजाराचे उपचार ठरलेल्या दराने १०० टक्के. माझ्या मिस्टरांची केमो तशीच झाली. त्या काळात आम्हाला फक्त त्यांच्या जेवणाची काळजी करायची होती, पैशांची नाही. हे मी कधी विसरणार नाही.

मोरपंखी

निळीशाईताई, मिस्टर आता कसे आहेत?

निळीशाई

उत्तम. बागेत टोमॅटो लावतायत.

सांजवात

आले. पोरं झोपली.

सासूबाईंची पाच वर्षं पूर्ण झाली, मेडिकेअर घेतलं. तेव्हा ओळखीच्या एकांनी मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज सुचवलं, म्हणजे तेच मेडिकेअर खासगी कंपनीमार्फत, वरचा हप्ता शून्य, दाताचंही थोडं मिळतं म्हणून. तब्येत ठणठणीत होती तोवर छानच वाटलं. मग त्यांना पार्किन्सन्स निघाला. हवे ते न्यूरॉलॉजिस्ट नेटवर्कबाहेर, प्रत्येक थेरपीला आधी मंजुरी. आम्ही म्हटलं, मूळ मेडिकेअरला जाऊ आणि मेडिगॅप, म्हणजे मेडिकेअरची उरलेली तूट भरणारा खासगी विमा, घेऊ. मेडिकेअरला परत जाता आलं, पण मेडिगॅपवाल्यांनी तब्येतीचे प्रश्न विचारले आणि नकार दिला. एकाने नाही, ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी.

मूळ मेडिकेअरचा पार्ट बी ८० टक्के देतो. उरलेल्या २० टक्क्यांना वरची मर्यादाच नाही. ती २० टक्के आता आमच्याकडे दर महिन्याला येतात. सासूबाई चमचा धरायला जातात तेव्हा हात थरथरतो, आणि तरीही मलाच विचारतात, "माझ्यामुळे खूप खर्च होतोय का?" मी नाही म्हणते.

हिशेबनीस

सांजवात, वाचून फार वाईट वाटलं. तुमच्या राज्याचं मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) किंवा मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्राम (मेडिकेअरच्या खर्चाला मदत) तपासलात का? उत्पन्न सासूबाईंचं बघतात, तुमचं नाही. काही बाबतीत स्पॉन्सरचं गणित येतं, पण एकदा विचाराच. प्रत्येक राज्यात शिप नावाची मोफत सल्ला सेवा असते, ते लोक कमिशनवर नसतात.

बाकीच्यांसाठी : मेडिगॅपची खुली मुदत ६ महिने. ६५ पूर्ण असून पार्ट बी सुरू होतो त्या महिन्यापासून ती मोजतात. म्हणजे आईवडिलांनी ७२ व्या वर्षी पार्ट बी घेतला तर त्यांचे सहा महिने ७२ व्या वर्षी सुरू! त्या काळात कितीही आजार असोत, नकार देता येत नाही, हप्ताही जास्त लावता येत नाही. नंतर बहुतेक राज्यांत तब्येत विचारतात. न्यूयॉर्क आणि कनेटिकटमध्ये वर्षभर कधीही घेता येतो. मी मेडिगॅपचा प्लॅन जी घेतला. एफ २०२० पासून नव्या लोकांना मिळत नाही.

सांजवात

शिपबद्दल माहीत नव्हतं. उद्याच फोन करते. खरंच आभार.

चिंचेचंपान

अवांतर, पण मेडिकेअरमध्ये दात, चष्मा, कानाचं यंत्र नाही ना? आई म्हणते भारतात आलो की सगळं उरकून घेऊ.

रानवारा

नाही. माझी आई दरवेळी पुण्यात कवळीवाल्याकडे आणि मोतीबिंदूवाल्याकडे असे दोन दिवस राखूनच ठेवते. मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र मेडिकेअरमध्ये बसतं, ते इथेही करता येईल. आणि पाच वर्षं भरायच्या आधी भारतात फार लांब मुक्काम करू नका, तो सलगपणा तुटू शकतो.

माघारी_पुणे

मी उलट्या दिशेचा. तिकडे नोकरी करून निवृत्तीला पुण्यात परत आलो. "परदेशात निवृत्त" म्हणजे माझ्या बाबतीत आता भारतच, कारण नागरिकत्व अमेरिकेचं आणि इथे ओसीआय (मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड).

मेडिकेअर अमेरिकेबाहेर चालत नाही. काही मेडिगॅप प्लॅन परदेशी आणीबाणीला २५० डॉलरनंतर ८० टक्के देतात, पण फक्त प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत, आणि आयुष्यभरात ५० हजार डॉलरपर्यंत. इथे घर करून राहणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. पार्ट बी सोडायचा की पुण्यात बसून भरत राहायचं, हा खरा पेच. सोडला आणि पुढे परत घ्यावा लागला तर प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांमागे १० टक्के दंड, तो सहसा जन्मभर चिकटतो. शिवाय नोंदणी जानेवारी ते मार्चमध्येच. मुलं तिकडे आहेत, उद्या एकटं पडल्यावर जावं लागेल, म्हणून आम्ही भरत राहिलोय. ज्याची मुलं इथेच आहेत त्याने वेगळा विचार करावा.

इथल्यासाठी ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि वर सुपर टॉप-अप. टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. समजा दोन्ही पॉलिसींची वजावट, म्हणजे जिच्यापर्यंत त्या काही देत नाहीत ती रक्कम, ५ लाख. वर्षात दोनदा दवाखाना झाला, दोन्हीदा ४-४ लाख. साधा टॉप-अप एकेक बिल बघतो, एकही ५ च्या वर नाही, म्हणून शून्य. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज बघतो, ८ होतात, तो वरचे ३ देतो. म्हातारपणी एकच मोठं बिल येण्यापेक्षा पुन्हा पुन्हा अ‍ॅडमिट होणंच जास्त.

आणि परत यायचं ठरलं असेल तर पॉलिसी आधीच काढा, तिकडे असतानाच. अनिवासी भारतीयांना इथली पॉलिसी घेता येते. जुन्या आजाराची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे, ती तुम्ही तिकडे धडधाकट असतानाच सरून जाते.

चिंचेचंपान

वा, हे कोणीच सांगितलं नव्हतं. जीएसटी किती लागतो?

माघारी_पुणे

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर शून्य. आधी १८ टक्के होता.

गुलबक्षी

खोलीभाड्याची मर्यादा बघा हं सगळ्यांनी! काकांच्या पॉलिसीत ५ हजार होती, खोली १० हजारांची घेतली. वाटलं फक्त खोलीतला फरक द्यावा लागेल. तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग सगळंच त्याच प्रमाणात निम्मं मंजूर. औषधं आणि तपासण्या तेवढ्या पूर्ण मिळाल्या. काकू बिलिंग काउंटरवर कागद हातात धरून नुसती उभी होती.

रानवारा

७० च्या वर असतील आणि भारतीय नागरिक असतील तर आयुष्मान कार्ड काढून ठेवा त्यांचं. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत.

गुलबक्षी

काकू ७१. आधार कार्डावर होतं ना?

रानवारा

हो, आधारवरच. व्यनि (खासगी निरोप) करते, माझ्या मावशीचं मीच मोबाइलवर केलं होतं. आणि जवळचं कुठलं हॉस्पिटल यादीत आहे ते आजच बघून ठेव, सगळी नसतात.