गोंडी बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांसाठी पुस्तिका कोणत्या लिपीत लिहाव्यात?

प्रश्न : धानोरा तालुक्यातील एक शिक्षक

सर्वांना नमस्कार. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला असून गेली चार वर्षे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवतो. माझ्या वर्गातली जवळजवळ सर्व मुले घरी गोंडी बोलतात. पहिल्या वर्षी मी घराचे चित्र दाखवले की मुले ‘लोन’ म्हणत, आणि मी ते खोडून ‘घर’ म्हणायला लावत असे. मुलांचे उत्तर बरोबर होते, हे मला फार उशिरा कळले आणि त्याची खंत अजून वाटते. यंदा गावातील वृद्धांकडून गोष्टी ऐकून घेऊन आठ-आठ पानांच्या पुस्तिका तयार करण्याचा विचार आहे. मात्र गोंडीसाठी देवनागरी वापरावी, की गोंडीच्या स्वतःच्या मसराम आणि गुंजाला या लिप्यांपैकी एक, याबद्दल प्रत्येक जण मला वेगळे सांगतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निवृत्त मुख्याध्यापक

आपण देवनागरीतच लिहावे, असे माझे मत आहे. मुलांना मराठीसाठी ती लिपी शिकावीच लागते. त्यामुळे ओळखीच्या भाषेतून अक्षरओळख झाली, तर तीच अक्षरे पुढे मराठी वाचतानाही उपयोगी पडतील. ओडिशाने २००७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू केले, तेव्हा त्यांतील बहुतेक पुस्तकांसाठी ओडिया लिपीच वापरली होती. शिवाय आपल्या पूर्वजांचे दफ्तर मोडी लिपीत होते. मोडी शाळांतून आणि कचेऱ्यांतून गेली, तरी मराठी टिकलीच ना?

उत्तर २ : राजुरा परिसरातील गोंडी भाषक

सेवा जोहार, गुरुजी. मुलांचे ‘लोन’ आपण ऐकलेत, याचा आनंद आहे.

वरील उत्तरातील मोडीचे उदाहरण मात्र मला पटत नाही. मोडी गेली तेव्हा मराठीजवळ छापखाने, वर्तमानपत्रे आणि शाळा होत्या आणि थोड्याच वर्षांत तिला स्वतःचे राज्यही मिळाले. गोंडीचे नेमके उलटे झाले. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा तेलुगू, कन्नड अशा भाषांच्या सीमा आखल्या गेल्या आणि गोंडी त्या सीमांच्या आरपार विखुरली गेली. २०११ च्या जनगणनेत २९ लाखांहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा गोंडी सांगितली, पण त्यांची मुले कुठे मराठीत, कुठे हिंदीत, तर कुठे तेलुगूत शिकतात. त्यामुळे एका बाजूची लिहिलेली गोंडी दुसऱ्या बाजूला वाचता येत नाही. विशेष म्हणजे १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०क आणला आणि भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी पुरेशा सोयी करण्याचे कर्तव्य राज्यांवर सोपवले.

संथाळीचीही अशीच विभागणी झाली होती. ती बंगाली, ओडिया, देवनागरी आणि रोमन अशा चार लिप्यांत लिहिली जात होती. १९२५ मध्ये रघुनाथ मुर्मू यांनी संथाळीसाठी ओल चिकी ही स्वतंत्र लिपी घडवल्यावर ओडिशातल्या मयूरभंजचा आणि बंगालमधल्या झारग्रामचा वाचक एका पानावर येऊ शकला. २००३ च्या घटनादुरुस्तीने संथाळी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत गेली. गोंडी अजूनही तिच्या बाहेर आहे. म्हणून लिपीच्या प्रश्नाला मी केवळ सोयीचा प्रश्न मानत नाही.

उत्तर ३ : संगणकीय अक्षररचनेचे काम करणारी, पुणे

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगते. बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये रचलेली लिपी २०१७ मध्ये युनिकोड या संगणकीय अक्षरांच्या जागतिक मानकात आली. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाला गावी सापडलेल्या हस्तलिखितांची लिपी २०१८ मध्ये आली. दोन्हींचे मुक्त फाँट उपलब्ध आहेत, त्यामुळे छपाईला अडचण येणार नाही. पण जागतिक मानकात जागा मिळाल्याने अक्षरांना फक्त क्रमांक मिळतात. त्या अक्षरांत वाचणारी मुले गावातच घडवावी लागतात. गोंडी पालकाला फोनवर निरोप लिहायचा झाला, तर समोर सहज येतो तो मराठी, हिंदी किंवा इंग्रजी कळफलक, आणि ही अदृश्य सक्ती मला शाळेतल्या सक्तीइतकीच गंभीर वाटते. आपण गोष्टी ऐकणारच आहात, तर सांगणाऱ्यांच्या संमतीने त्या ध्वनिमुद्रितही करून ठेवा. लिपी पुढे बदलता येईल, पण सांगणारी आजी गेल्यावर तिचा उच्चार पुन्हा मिळणार नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. राजुऱ्याच्या दादांचे म्हणणे वाचून मी एक गोष्ट बदलली आहे : लिपी कोणती, हे ठरवण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेतला होता, तो आता घेणार नाही. आमच्याच तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतः ठराव करून गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तेव्हा आमच्या गावालाही हा निर्णय घेता येईल. पहिली गोष्ट मी दोन प्रकारे मांडून ग्रामसभेपुढे ठेवीन, एकात केवळ देवनागरी आणि दुसऱ्यात प्रत्येक ओळीखाली गुंजाला लिपी. ध्वनिमुद्रण मात्र या रविवारीच सुरू करतो. गोष्ट सांगणार असलेल्या आजींनी एकच अट घातली आहे : त्या सांगत असताना मी मध्येच मराठीत अर्थ विचारायचा नाही.