निटिनॉलची तार एकच, मग दोन तुकड्यांचे डीएससी आलेख इतके वेगळे का?

खाडीकाठ_दापोली:
मासळी वाळवायच्या सौर टनेलचा वरचा झरोका आपोआप उघड-मीट व्हावा म्हणून १ मिमी निटिनॉल (तापवलं की आधीच्या आकारात परतणारं निकेल-टायटॅनियम मिश्रण) तारेची स्प्रिंग करायची आहे. गरम झाली की आखडून झडप ओढेल, निवली की झडप स्वतःच्या वजनाने मिटेल. ४५ अंशांच्या आसपास उघडायला हवी आणि खारं, दमट वारं सुटायच्या आत, म्हणजे ४० च्या सुमारास, मिटायला हवी.

दोन तुकड्यांची डीएससी घेतली (तापवता-निववताना धातू किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणारी चाचणी; रचना बदलते तिथे शिखर येतं).

तुकडा अ: आली तशी, थंड ओढलेली तार. शिखर असं नाहीच, २० ते ६० पसरलेला उंचवटा.
तुकडा ब: ४५० अंशांना ३० मिनिटं, मग पाण्यात. तापवताना एकच शिखर ५२ ला. निवताना मात्र दोन: पहिलं ४२ ला, दुसरं १० ला सुरू होतं.

मिश्रणातच खोट आहे का?

धातूघर:
एवढ्यावरून मिश्रणाला दोष देऊ नका. तुमच्या दोन्ही आलेखांत दिसतायत ती डिसलोकेशन्स, म्हणजे अणूंच्या रांगांमधले दोष.

थंड ओढकामात तारेत डिसलोकेशन्सचं जाळं तयार होतं आणि प्रत्येकाभोवती ताणाचं स्वतःचं क्षेत्र असतं. त्यामुळे तारेचा प्रत्येक कोपरा वेगळ्या तापमानाला बदलतो. अ चा उंचवटा म्हणजे अशा असंख्य बारीक शिखरांची बेरीज. शिवाय ओढताना तयार झालेलं मार्टेन्साइट (थंडपणीची रचना) डिसलोकेशन्समुळे अडकून बसतं, म्हणून अ तुकड्याचं पहिलं आणि दुसरं तापवणं जुळणार नाही. ताडून बघा.

ब मध्ये जाळं विरळ झालं, पण संपलं नाही. ऑस्टेनाइटमधून (गरमपणीची रचना) मार्टेन्साइट होताना जालक, म्हणजे अणूंची मांडणी, जवळजवळ १० टक्के विकृत होतं, आर-फेज (दोन्हींच्या मधली रचना) होताना जेमतेम १ टक्का. उरलेली डिसलोकेशन्स मोठ्या विकृतीला अडवतात, लहानीला फारसं नाही. म्हणून आर-फेज ४२ लाच येतो आणि मार्टेन्साइट मागे, १० पर्यंत खाली रेटलं जातं.

मिश्रण तपासायचंच असेल तर एक छोटा तुकडा क्वार्ट्झ नळीत निर्वातात बंद करा, ८५० ला ३० मिनिटं ठेवा, नळी पाण्यात फोडा आणि मिनिटाला १० अंश वेगाने डीएससी घ्या. एकच तीक्ष्ण शिखर आलं की मिश्रण एकसारखं. हे उघड्या हवेत करू नका: टायटॅनियम ऑक्साइडमध्ये जातं, खालचा थर निकेलने जड होतो. ५० टक्क्यांच्या वर ०.१ अणुटक्का निकेल वाढलं तरी बदलाचं तापमान १० अंश किंवा जास्तच घसरतं. हा तुकडा मऊ पडतो, त्याची स्प्रिंग करू नका.

मिरकरवाडा७:
वरचं सगळं बरोबर. एकच जोड: शिखर दिसत नाही म्हणजे ‘स्ट्रेन ग्लास’ असं कोणी सांगितलं तर लगेच मानू नका. ते वेगळं प्रकरण आहे. २००५ मध्ये सरकार, रेन आणि ओत्सुका यांनी ५१.५ टक्के निकेलच्या मिश्रणात ते दाखवलं. जादा निकेलचे अणू इतके विखुरलेले असतात की ताणाची बारीक क्षेत्रं जागच्या जागी गोठतात आणि क्ष-किरणांत सरासरी रचना बी२, म्हणजे ऑस्टेनाइटचीच, राहते. ओळखायचं तर डीएमए (तार हलवत तिचा ताठरपणा मोजणारी चाचणी) वेगवेगळ्या वारंवारितांना घ्यावं लागतं. मापांकाचा (ताठरपणाचा) खळगा वारंवारितेबरोबर सरकला तरच काच. तुमच्या ब मध्ये शिखरं स्वच्छ आहेत, तेव्हा तो प्रश्नच नाही.

खाडीकाठ_दापोली:
समजलं. पण तापवताना ५२ आणि निवताना ४२, हा १० अंशांचा फरक मला चालणार नाही.

धातूघर:
तो फरक तुम्ही पार थंड करून मोजलात म्हणून. पुन्हा डीएससी घ्या, पण २० लाच थांबून परत तापवा. मार्टेन्साइट झालंच नाही, तर फक्त आर-फेज उलटेल आणि फरक २ ते ५ अंशांवर येईल. तुम्हाला हेच हवंय.

मात्र आर-फेजमधून मिळणारी हालचाल थोडी. कातर-विकृती (स्प्रिंग ताणताना तार पिळली जाते ती) ०.८ टक्क्याच्या आत ठेवा. १० मिमी व्यासाच्या २० वेढ्यांतून साधारण ५० मिमी ओढ मिळेल.

चुकतं ते वजनात. ताणाने मार्टेन्साइटचं तापमान चढतं, साधारण ६-७ मेगापास्कलला १ अंश. २०० ग्रॅम टांगलंत तर १० चं २३ होईल, आणि जानेवारीत पहाटे १८ झालं की स्प्रिंग मार्टेन्साइटमध्ये जाईल. मग त्या सकाळी झरोका ५० ओलांडल्याशिवाय उघडणार नाही. भार १०० ग्रॅमच्या आत ठेवा. मासेमारीच्या जाळ्याचं शिसं कापून वजन जुळवता येतं. तरीही अंतर कमी वाटलं तर भट्टी ४२० वर आणा: डिसलोकेशन्स जास्त उरतात, दुसरं शिखर आणखी खाली जातं.

मिरकरवाडा७:
वेढे स्क्रूने घट्ट आवळूनच भट्टीत घाला आणि थर्मोकपल तारेला टेकवा, भट्टीच्या काट्यावर जाऊ नका. स्प्रिंग अडकवायच्या आकड्यांना जीआय (जस्ताचा थर दिलेलं लोखंड) वापरू नका. निटिनॉलला लागून खाऱ्या हवेत तेच आधी झिजतं. ३१६ स्टेनलेस घ्या.