सवयींचा तक्ताच ओझं झालाय, काय ठेवू आणि काय सोडू? (मदत हवी आहे)

धागा चुकीच्या विभागात असेल तर संपादकांनी हलवावा.

गेले सहा-सात महिने मन थाऱ्यावर नाही. ठोस कारण सांगता येत नाही. काम चालू आहे, घरच्यांशी बोलते, हसतेही. पण सकाळी डोळे उघडले की पहिला विचार, ‘झालं, परत दिवस.’ आवडीच्या गोष्टींना हात लावावासा वाटत नाही. वाचायला घेतलेलं पुस्तक चौदाव्या पानावर तीन महिने पालथं पडलंय.

रोजच्या छोट्या सवयींनी फरक पडतो असं बरंच वाचलं, आणि दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी बसून तक्ता केला. आठ रकाने: पहाटे उठणं, ध्यान, चालणं, रोजनिशी, दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहिणं, वाचन, भरपूर पाणी, रात्री नऊनंतर मोबाईल बंद. नऊ दिवस सगळीकडे बरोबरच्या खुणा. दहाव्या दिवशी ताप आला, पुढचे चार दिवस कोरे गेले. मग तो तक्ता मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, कपडे काढताना दिसेल तेवढाच. आधी नुसतं उदास वाटायचं, आता जोडीला ‘एवढंही जमत नाही तुला’ हेही आहे.

तर, आठातलं नक्की काय ठेवू? २१ दिवस सलग केलं की सवय लागते म्हणतात, मग माझे नऊ वाया गेले का? अंथरुणातून उठावंसंच वाटत नाही त्या दिवशी तुम्ही काय करता? आणि हे सवयींनी सुटणारं आहे की डॉक्टर गाठायला हवा, हे कसं ओळखायचं?

‘सकारात्मक विचार कर’ सोडून काहीही सांगा. तो सल्ला घरात रोज ताजा मिळतो.

– कोरीवही

पायवाट:
आठ? मी ठणठणीत असतानाही आठ जमणार नाहीत.

माझं मत, सध्या फक्त उठायची वेळ ठेवा. पहाटेची नको, जी जमेल ती, पण रोज तीच. आणि उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात दहा मिनिटं बाहेरच्या उजेडात. शरीराचं घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लागतं. घरातल्या दिव्यांचा उजेड साधारण १०० ते ५०० लक्स असतो, बाहेर ढगाळ दिवशीही तो हजारांत जातो. आपल्याला फरक जाणवत नाही कारण डोळे जुळवून घेतात. झोपेची वेळ मुद्दाम ठरवू नका, उठणं स्थिर झालं की रात्रीची झोप हळूहळू मागून येते.

शंकेखोर:
२१ दिवसांचं खूळ एकदाचं काढून टाका. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ वाटेत गळाला आणि चेहरा तर केव्हाच गेला.

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे प्रत्यक्ष अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला लागलेला मध्यक काळ ६६ दिवस, पण माणसामाणसात फरक केवढा, तर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. (१२ आठवड्यांत २५४ दिवस कसे, असं कुणी विचारायच्या आत सांगतो: वरचा आकडा आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे.) तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर लक्षात येण्यासारखा परिणाम झाला नाही. तापातल्या चार दिवसांनी तुमचे नऊ पुसले जात नाहीत. तक्ता मात्र तसं भासवतो.

उंबरठा:
तिसऱ्या प्रश्नाबद्दल, कारण त्यातून गेलोय. जरा लांबण लागेल.

मी समजत होतो की आधी बरं वाटेल, मग मी कामाला लागेन. समुपदेशक बाईंनी गाडी उलटी फिरवली: आधी कृती, बरं वाटणं मागून. याला ‘बिहेवियरल ॲक्टिव्हेशन’ म्हणतात आणि नैराश्यावरच्या उपचारांत ते नीट तपासलेलं आहे. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला काहीच बदलू दिलं नाही. फक्त दर दोन तासांनी काय केलं आणि तेव्हा मन कसं होतं, ० ते १० मध्ये, एवढं लिहायचं.

निकाल बघून चाट पडलो. लोळत मोबाईल बघणं मला ‘आराम’ वाटायचं, पण तिथे सगळीकडे २ आणि ३. नको नको म्हणत केलेली आंघोळ ४. जुन्या मित्राला केलेला सात मिनिटांचा फोन, जो करायच्या आधी तीनदा टाळला होता, ६. म्हणजे काय केल्याने बरं वाटेल याचा माझा अंदाजच बिघडला होता.

मग बाईंनी एक अट घातली. सवय एवढी लहान हवी की वाईटातल्या वाईट दिवशीही जमेल. माझी होती बूट घालून दाराबाहेर उभं राहायचं. चालायचं असं ठरलेलंच नव्हतं. उभं राहून परत आत आलो तरी झालं. बहुतेक दिवशी मी कोपऱ्यापर्यंत जायचो, कारण बूट घातलेच होते. आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला योग्यच आहे, पण तेव्हा तो वाचून मी परत पांघरुणात गेलो असतो.

रातकिडा:
तुम्ही रोजनिशी लिहिताय ना? रात्री लिहीत असाल तर दिवसभराचं उगाळू नका, उद्या करायची कामं लिहा. २०१८ मधला एक प्रयोग आहे, ५७ तरुण मंडळी, झोपण्याआधी पाच मिनिटं लेखन. उद्याची कामं लिहिणाऱ्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा साधारण नऊ मिनिटं लवकर झोप लागली. प्रयोग लहान आहे, पण वही-पेनाशिवाय खर्च काही नाही. आणि १५-२० मिनिटांत झोप लागली नाही तर तळमळत पडू नका. उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे जड झाले की परत या.

मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायला गजराचं घड्याळ घ्यावं लागलं. एवढंच.

निवांत७:
पायवाट +१.
ध्यान जमत नसेल तर खुशाल सोडा. मन ठीक नसताना डोळे मिटून बसलं की माझी तर घालमेल वाढते. भांडी घासताना पाण्याकडे लक्ष देणं मला जास्त मानवतं.

दवापाणी:
चौथा प्रश्न सगळ्यांनी सोडला म्हणून लिहिते. मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, पण इथून निदान करत नाही.

उदास वाटणं किंवा कशातच रस नसणं, यातलं काहीही दोन आठवडे जवळजवळ रोज असेल आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडलेली असेल, स्वतःला दोष देणं चालू असेल, तर डॉक्टरांना भेटायचं. तुम्ही सहा-सात महिने म्हणताय. ‘पीएचक्यू-९’ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली असते, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर नीट तपासणी हवी. ती भरून सोबत न्या, बोलायला सोपं जातं. थायरॉइड आणि रक्तक्षयानेही असं होऊ शकतं, ते तपासून घेतील. सवयी चालू ठेवा, पण उपचारांच्या ऐवजी नको.

आणि जगणं नकोसं झालंय, स्वतःला इजा करावी असे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही. त्याच दिवशी जवळच्या एका माणसाला सांगायचं आणि मदत गाठायची.

कोरीवही:
सगळ्यांचे आभार. तसे विचार नाहीत, दवापाणी, पण सरळ विचारलंत हे बरं केलंत. प्रश्नावली भरली, १२ आले. मला वाटलं होतं चार-पाच येतील. गुरुवारची वेळ घेतली आहे.

तक्ता काढला. फाडताना थोडं वाईट वाटलं, रंग छान जमले होते.

कोरीवही:
तीन आठवड्यांनी परत येतेय. थायरॉइड ठीक निघालं, समुपदेशन सुरू झालंय, दोन बैठका झाल्या. दोनच सवयी ठेवल्यात: सातला उठणं आणि उंबरठांचे बूट. २१ दिवसांतले १४ जमले. (२१ हा आकडा योगायोगाने आलाय, शंकेखोर, चिडू नका.) सकाळचा ‘परत दिवस’ अजून येतो, पण बूट घालेपर्यंत टिकतो, दिवसभर नाही. पुस्तक अजून चौदाव्या पानावरच आहे.

एक विचारायचं राहिलं. रविवारी पण सातलाच उठायचं का हो?

पायवाट:
अर्धा तास सूट. घासाघीस चालणार नाही.