मदत हवी आहे: वडिलांचा मेसोथेलिओमा आणि बंद गिरणीतल्या नोकरीचे पुरावे

नमस्कार. माझे वडील लालबागच्या एका कापड गिरणीत बॉयलर खात्यात होते. वाफेच्या पाइपांवरचा जुना ॲस्बेस्टॉसचा लेप खरवडून नवा चढवणे हे त्यांचे काम. आई चाळीच्या गॅलरीत त्यांचे कपडे झटकायची, तेव्हा पांढरी धूळ उडायची. आता छातीत पाणी झाले म्हणून केलेल्या बायॉप्सीत फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, म्हणजेच मेसोथेलिओमा, निघाला आहे. श्वासावाटे आत गेलेले ॲस्बेस्टॉसचे तंतू शरीराला विरघळवता येत नाहीत, त्यांतले काही आवरणापर्यंत पोहोचून वर्षानुवर्षे दाह करत राहतात आणि आजार बहुधा २० ते ५० वर्षांनी उघड होतो, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले. धूम्रपानाचा या आजाराशी संबंध नाही, हेही नातेवाइकांना सांगावे लागते.

व्यावसायिक आजार म्हणून भरपाई मागायची, तर ॲस्बेस्टॉसशी संपर्क आल्याचा पुरावा लागणार. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी दीर्घकाळ जपण्याचा आदेश दिला होता. कापड गिरण्यांत अशा नोंदी असतील, असे मला वाटत नाही. आमच्याकडे केवळ जुने हजेरी कार्ड आणि भविष्य निर्वाह निधीची पावती आहे. सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे अशा दाव्यात ग्राह्य धरली जातात का? कोणी असा दावा केला असल्यास, तसेच आईचीही तपासणी कोणत्या तज्ज्ञाकडे करावी हे माहीत असल्यास, कृपया लवकर कळवावे.