एकाच खडकावर दोन जातींचे सुरय पक्षी, मग आपलं अंडं ओळखतात कसं?

गोदाकाठची (निफाड):
दर रविवारी नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाते. उन्हाळ्यात नदी सुरयाची अंडी वाळूतल्या खळग्यात पाहिली आहेत. जोड्या एकमेकींपासून चांगल्या लांब असतात. यंदा मे महिन्यात माहेरी, वेंगुर्ल्याला गेले आणि होडीतून समुद्रातलं बर्न्ट आयलंड हे खडकाळ बेट पाहिलं. तांडेलकाकांनी होडी लांबूनच फिरवली. दुर्बिणीतून दिसलं ते असं: उघड्या माथ्यावर पिवळ्या चोचीचे ग्रेटर क्रेस्टेड टर्न (टर्न म्हणजे सुरयच) खेटून बसलेले, आणि काळपट पाठीचे ब्रायडल्ड टर्न कपारींत शिरत होते. एवढ्या गलबल्यात परतलेला पक्षी सरळ आपल्या जागी उतरायचा. कसा? आणि दोन जाती भांडत कशा नाहीत?

कपार:
ताई, उत्तर तुमच्याच निरीक्षणात आहे. ब्रायडल्डला दगडाचा आडोसा हवा, तिथे तो एकच अंडं घालतो. क्रेस्टेडला उघडी सपाट जागा हवी. जागेची मागणीच वेगळी, मग भांडण कशावरून? क्रेस्टेडचं खरं भांडण शेजाऱ्याशी, म्हणून चोच पोचणार नाही एवढंच अंतर ठेवतात. अंड्यांचं तर विचारूच नका! कुणाचं पांढरट, कुणाचं मातकट, कुणावर ठिपके, कुणावर काळ्या रेघोट्या. जागेइतकीच ही नक्षीही पक्ष्याला ओळखीची असते.

गोदाकाठची (निफाड):
आणि पिल्लं पळू लागल्यावर?

कपार:
क्रेस्टेडची पिल्लं घोळक्यात राहतात, पाळणाघरच म्हणा. आईबाप मासा घेऊन येतात, हाक देतात, आणि आवाजावरून आपलंच पिल्लू शोधून त्यालाच भरवतात.

मालवणी_दुर्बीण:
तांडेलकाकांना माझा नमस्कार सांगा. काकण (समुद्री गरुड) आला की सगळी वसाहत एकदम उठते. इतक्या डोळ्यांचा पहारा हा एकत्र राहण्याचा मोठा फायदा. पण माणूस खडकावर उतरला तरी तशीच उठते, आणि माणूस लवकर हलत नाही. मेच्या उन्हात उघडी पडलेली अंडी उबत नाहीत, भाजतात. फोटोसाठी उतरणारे पाहिले की जीव तुटतो.

गोदाकाठची (निफाड):
हे वाचून आमच्याकडचं आठवलं. वाळूच्या बेटाजवळ होडी नेली की नदी सुरय डोक्यावर घिरट्या घालत ओरडतात, आणि आम्ही कौतुकाने बघत राहायचो. पुढच्या उन्हाळ्यात होडी नाही, काठावरूनच टेलिस्कोप लावणार. नावाड्यांशी रविवारीच बोलते.