व्हीलचेअरवर दिवसाचे आठ-नऊ तास: फोम, जेल की हवेची गादी?

जुळे_सोलापूरकर

धाकट्या भावासाठी विचारतोय. वय 34, मणक्याची इजा डी-10ला (पाठीचा दहावा मणका), कमरेखाली संवेदना नाही. वजन 62 किलो. घडीची साधी व्हीलचेअर आहे, सीट 18 इंच. टॉवेल-चादरीच्या दुकानात काउंटरवर बसतो, सकाळी दहा ते रात्री आठ. दुपारी जेवून तासभर आडवा होतो, तेवढाच आराम.

सध्या खुर्चीसोबत आलेली दोन इंची रेक्झिनची गादी आहे. घाम टिपायला वर टर्किश टॉवेलची चौघडी. गेल्या आठवड्यापासून डाव्या बैठकीच्या हाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसतोय. रात्रीतून जातो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा हजर.

तीन पर्याय डोक्यात आहेत: फोमवाल्याकडून चार इंची गादी कापून घेणं, जेलची गादी, किंवा रबरी फुग्यांची हवेची गादी. मेडिकलवाला म्हणतो गोल ट्यूब घ्या, स्वस्तात काम होईल. काय करावं?

ओटी_ताई

आधी ट्यूबचं. घेऊ नका. मध्ये भोक असलं म्हणून हाड अधांतरी राहतं खरं, पण सगळा भार भोवतालच्या कड्यावर येतो आणि मधल्या कातडीचा रक्तपुरवठा चहूबाजूंनी आवळला जातो. जखम टाळायला घेतलेली वस्तूच जखम करते.

डाग बोटाने दाबून बघा. दाबल्यावर पांढुरका पडून पुन्हा लाल होत असेल तर वेळ आहे. दाबूनही रंग बदलत नसेल तर कातडीखाली इजा सुरू झाली आहे असं धरून चाला. सावळ्या कातडीवर लाली नीट कळत नाही, तेव्हा हाताच्या पालथ्या बाजूने चाचपा: आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा दलदलीत लागतंय का, रंग काळपट-जांभळा झालाय का. डाग पूर्ण जाईपर्यंत त्या बाजूवर बसायचं नाही. चोळायचं नाही, स्पिरिट नाही, पावडरही नाही. घामात पावडरचा लगदा होतो आणि खरखरीत कागदासारखं काम करतो.

आता मला मापं द्या. (1) कडक बाकावर बसवून नितंबांची सर्वात जास्त रुंदी. (2) नितंबाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या खळगीपर्यंतचं अंतर. (3) काउंटरवर बसल्यावर तो कुठल्या बाजूला कलतो?

फोम_रेक्झिन

फोम घ्यायचाच तर दुकानदाराच्या ‘40 डेन्सिटी आहे, बिनधास्त न्या’वर जाऊ नका. वजनकाटा वापरा. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला किती किलो. 16 × 16 × 4 इंचाचा तुकडा खरोखर 40चा असेल तर 670 ग्रॅमच्या आसपास भरतो. 470 भरला तर तो 28चा, सोफ्याच्या पाठीला लावतात तो. माणूस बसला की महिन्या-दोन महिन्यांत त्याचा पापड.

यात एक फसवणूक आहे. चिंध्या दाबून केलेला रिबॉन्डेड फोम वजनाला भरपूर भरतो, पण दगडासारखा कडक असतो. कापलेल्या बाजूला रंगीबेरंगी तुकडे दिसले की परत द्या. काथ्याचा रबर लावलेला कॉयरही नको.

आणि डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. 40चा फोम मऊही येतो, घट्टही येतो. खाली तीन इंच घट्ट एचआर (दाबून सोडला की लगेच उसळणारा) फोम आणि वर एक इंच मेमरी फोम, ही जोडणी चालते. नुसता चार इंच मेमरी फोम आपल्याकडे घेऊ नये. ऊब लागली की तो आणखी मऊ पडतो, आणि मे महिन्यात 42-43 अंशांना हाड थेट तळाला टेकतं.

खोळ रेक्झिनची शिवून घेऊ नका. ती ताणत नाही, झोळीसारखी तणते, मग आतला फोम कितीही चांगला असला तरी अंग त्यात बुडतच नाही. दोन्ही दिशांना ताणणारं होजिअरी कापड, थोडं सैल, चेन मागच्या बाजूला. लघवीची गळती होत असेल तर आत पातळ वॉटरप्रूफ कापडाची दुसरी खोळ. तुमच्या टॉवेलची चौघडीही रेक्झिनसारखीच अंग फोममध्ये बुडू देत नाही, वर घडीची कड हाडाखाली आली की वेगळंच संकट. सोलापुरात बसून टॉवेलला नावं ठेवतोय, पण तो मांडीवर ठेवा, खाली नको.

जुळे_सोलापूरकर

मोजलं. रुंदी साडेचौदा इंच, नितंब ते गुडघा साडेअठरा. कलतो डावीकडे, कारण गल्ला डावीकडे आहे आणि हातही त्याच बाजूच्या हत्त्यावर टेकलेला असतो.

ओटी_ताई

मग डाग डावीकडेच का, हे कळलं. साडेचौदाच्या माणसाला 18ची खुर्ची म्हणजे साडेतीन इंच मोकळे. शरीर आधार शोधत हत्त्याकडे झुकतं, ओटीपोटाचा सांगाडा तिरका होतो आणि बहुतेक भार एकाच हाडावर. त्यात घडीच्या खुर्चीचं कापड मध्ये खोलगट झालेलं असतं. अशा खुर्चीवर भारीतली भारी गादी ठेवली तरी फरक अर्धाच पडेल.

जमत असेल तर 16 इंची खुर्ची बदलून घ्या. तोवर दोन्ही बाजूंना मांडी आणि हत्त्याच्या पाट्यामध्ये दीड-दीड इंच जाड घट्ट फोमच्या पट्ट्या. कुल्ह्याच्या बाहेरच्या हाडावर त्या रुतत नाहीत ना, ते रोज बघा. गल्ला समोर आणा. गादीखाली 12 मिमी प्लायचा तुकडा, सीटच्या मापाचा, कडा घासून गोल केलेल्या, घसरू नये म्हणून सीटच्या नळ्यांना वेल्क्रोने बांधलेला.

गादीची लांबी साडेसोळा इंचांपेक्षा जास्त नको. गुडघ्याच्या खळगीमागे दोन-तीन बोटं मोकळी राहिली पाहिजेत. दोन इंचाच्या जागी चार इंच आणि खाली प्लाय आला की माणूस दोन-अडीच इंच वर जातो. पावलांच्या पट्ट्या तेवढ्याच वर घ्या, नाहीतर पाय लोंबकळतात आणि अंग पुढे घसरतं. जास्त वर घेतल्या तर गुडघे उचलले जाऊन सगळा भार बैठकीच्या हाडांवर. मांडी गादीला पूर्ण लांबीभर टेकलेली हवी. नवीन उंचीवर गुडघे काउंटरच्या फळीला अडकतात का, तेही आधीच मोजा.

जेलबद्दल थोडक्यात. सकाळी गार लागतं, दोनेक तासांत अंगाची ऊब पकडून बसतं. फोमपेक्षा बरीच जड, आणि जेल हाडाखालून बाजूला सरकतं, रोज हाताने मळून मध्ये आणावं लागतं. तुमच्या केसमध्ये पहिली पसंती नाही.

हवेची_गादी

संवेदना नाही, डाग येऊन गेलाय, बसणं नऊ तास. अशा वेळी मी हवेच्या पेशींची गादीच सांगेन. पण नव्वद टक्के घोळ हवा भरण्यातच होतो. लोक सायकलच्या ट्यूबसारखी टणक फुगवतात. टणक गादी म्हणजे लाकडी पाटच.

पद्धत अशी. फुगे वरच्या बाजूला आहेत ना बघा, मग गरजेपेक्षा थोडी जास्त हवा भरा. भावाला रोजच्या कपड्यांत, पाय पट्ट्यांवर ठेवून नीट बसवा. एका बाजूने गादी आणि नितंब यांच्यामध्ये हात सरकवा, तळवा वर, बोटं हाडाच्या सर्वात खालच्या टोकाखाली. (त्या बाजूची मांडी जरा उचलली की टोक सापडतं, मग मांडी परत खाली सोडा.) व्हॉल्व्ह उघडून हळूहळू हवा सोडा. हाड आणि तळ यांच्यात अर्धा ते एक इंच अंतर उरलं की व्हॉल्व्ह बंद. बोटांची टोकं हलवता आली पाहिजेत, पण मूठ मावता कामा नये. दुसरी बाजूही तपासा.

ही तपासणी रोज सकाळी. थंडीच्या पहाटे हवा आकसते, उन्हात फुगते. दुपारी रिक्षातून उन्हातून आल्यावर पुन्हा एकदा हात घालून बघा. पंक्चरचं पॅच सोबत ठेवा. दुकानात टाचण्या आणि कात्री असणार, खोळीशिवाय गादी वापरू नका.

तोटा एकच मोठा: डुगडुगते. वरच्या कप्प्यातली चादर काढायला वाकला की तोल जातो. पहिले काही दिवस छातीला पट्टा किंवा कुणीतरी जवळ.

फोम_रेक्झिन

सकाळी हात घालून तपासणारं माणूस घरात रोज असेल तरच हवेची. नाहीतर मी अजूनही फोमच म्हणेन. हवेची गादी पंक्चर झाली तर हाड आणि प्लाय यांच्यामध्ये काहीच उरत नाही, आणि त्याला ते जाणवणारही नाही. फोमलाही हात घालून बघायचंच: दहा मिनिटं बसल्यावर हाडाखाली इंचभर तरी फोम उरला पाहिजे. रोज दहा तास बसणाऱ्याचा फोम वर्षभरात उतरतो.

ओटी_ताई

बरोबर. म्हणून हवेची मुख्य आणि फोमची सुटी, पंक्चरच्या दिवसासाठी. दोन्हीचा खर्च झेपत नसेल तर आधी खुर्चीचं माप आणि फोम.

गादी कुठलीही असो, भार हलवणं सुटत नाही. दर अर्ध्या तासाला काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून पुढे ओणवं व्हायचं, छाती मांडीकडे, पूर्ण दोन मिनिटं. हातांवर उचलून दहा सेकंद थांबल्याने रक्त पुरतं परतत नाही, उलट खांदे झिजतात. मोबाईलला व्हायब्रेशन लावा, गिऱ्हाईक असलं की हमखास राहून जातं. मागच्या खिशात पाकीट, किल्ल्या, जीन्सचे रिबीट नकोत.

नवीन गादीवर पहिल्या दिवशी तासभरच. उतरवून आरशात बघा. लाली अर्ध्या तासात गेली तर दुसऱ्या दिवशी तास वाढवा, नाही गेली तर मागे या. फोड आला, कातडी फाटली, काळं पडलं किंवा वास यायला लागला तर बसणं बंद आणि त्याच दिवशी सिव्हिलच्या सर्जरी ओपीडीत.

संडासाला कमोड खुर्ची वापरता का? किती वेळ?

जुळे_सोलापूरकर

हो, प्लॅस्टिकची. पोट साफ व्हायला पाऊण तास तरी जातो.

ओटी_ताई

मग गादीइतकंच तेही महत्त्वाचं. कडक कड्यावर उघड्या कातडीने पाऊण तास, वर ओल. कमोडला पुढे उघडी असलेली, गादी लावलेली सीट घ्या. सपोझिटरी (गुदद्वारातून ठेवायची औषधाची गोळी) पलंगावर कुशीवर झोपवूनच द्या आणि काम सुरू व्हायच्या बेतात आलं की मगच खुर्चीवर घ्या, म्हणजे बसणं पंधरा-वीस मिनिटांवर येईल. पलंगावरून खुर्चीवर घेताना ओढत सरकवू नका, उचलून ठेवा किंवा सरकफळी वापरा. चाकाला नितंब घासलं की तिथेही डाग येतो आणि दोष गादीला दिला जातो. रिक्षात बसतानाही गादी खाली घ्या, खुर्चीवर ठेवून जाऊ नका.